रक्ताची ओळख पटवणारा माणूस

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत परकीय चलनाच्या खात्यावर होतो. एके दुपारी युरोपची सहल करून आलेलं एक जोडपं काउंटरवर आलं. डॉलर, पौंड, मार्क यांची मोजदाद झाल्यावर बाईंनी पर्समधून एक निळसर, कोरी करकरीत नोट काढून पुढे सरकवली. ऑस्ट्रियाची एक हजार शिलिंगची. आमच्या त्या दिवसाच्या दरपत्रकात शिलिंग नव्हतं, त्यामुळे नोट काही घेता आली नाही. पण परत देण्यापूर्वी सवयीने मी ती उजेडाकडे धरून पाहिली. नोटेवर राजा नव्हता, सेनापती नव्हता, कुणी पुढारीही नव्हता. मिशा राखलेला, गंभीर चेहऱ्याचा एक गृहस्थ होता आणि मागच्या बाजूला तोच गृहस्थ प्रयोगशाळेत काम करताना दाखवला होता. नाव होतं, कार्ल लँडस्टायनर.

नोट मी परत केली, पण ते नाव डोक्यात राहिलं. कारण ते मी दहा वर्षांपूर्वी एकदा ऐकलं होतं, कोल्हापूरच्या एका वयस्कर डॉक्टरांच्या तोंडून, माझ्या आईच्या खाटेशेजारी उभा असताना. ते कशासंदर्भात, हे पुढे ओघाने येईलच. त्या नोटेपासून मात्र मी या माणसाच्या मागे लागलो. मिळेल ते वाचत गेलो. ऑस्ट्रियाचं शिलिंग २००२ साली व्यवहारातून गेलं, तिथे युरो आला. नोट गेली. पण त्या नोटेवरच्या माणसाने जी गोष्ट शोधून ठेवली, ती तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या पाकिटातल्या कुठल्या ना कुठल्या कार्डावर एखाददुसऱ्या अक्षराच्या रूपाने आहे. ती गोष्ट म्हणजे रक्तगट.

डॉक्टर, पण बाटल्या-नळ्यांच्या नादाला लागलेला

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, व्हिएन्नातला. वडील लिओपोल्ड हे तिथले नावाजलेले पत्रकार. कार्ल सहा वर्षांचा असताना ते गेले. घरात आई फॅनी आणि हा एकुलता एक मुलगा. दोघांचा एकमेकांवर अतोनात जीव. आई वारल्यावर तिच्या चेहऱ्यावरून घेतलेला साचा त्यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर लावला, आणि तो ते जिवंत असेपर्यंत तिथून हलला नाही.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. आता आपल्याकडे मुलगा डॉक्टर झाला की घरचे दवाखान्यासाठी जागा बघायला लागतात. लँडस्टायनर मात्र दवाखाना थाटण्याऐवजी रसायनशास्त्र शिकायला निघाले. वुर्झबुर्गला एमिल फिशर, म्युनिकला बांबेर्गर, झुरिकला हान्च, अशा त्या काळच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत त्यांनी उमेदवारी केली. यातले फिशर हे साखरेच्या रसायनशास्त्रातले दादा, पुढे १९०२ चे नोबेलचे मानकरी. ही साखर वाचकांनी लक्षात ठेवावी. ती या कथेत पुन्हा येणार आहे.

आज विद्यापीठांतून आंतरविद्याशाखीय संशोधनाचा बराच गाजावाजा असतो. डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ, संगणकवाले एका टेबलाशी बसवायचे आणि प्रत्येक रोग्याला त्याच्या शरीराच्या घडणीप्रमाणे नेमका उपचार शोधायचा, याला प्रिसिजन मेडिसिन म्हणतात. लँडस्टायनर यांच्या काळी असं टेबल नव्हतं. त्यांनी दोन शाखा स्वतःच्याच डोक्यात एकत्र बसवल्या. डॉक्टरांना रसायनशास्त्र उपरं वाटे आणि रसायनवाल्यांना रक्त म्हणजे चिखल वाटे, अशा काळात त्यांनी रक्ताकडे रसायन म्हणून पाहिलं.

व्हिएन्नाला परतल्यावर ते विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात वाइक्सेलबाउम यांच्या हाताखाली साहाय्यक झाले. काम शवविच्छेदनाचं. दहाएक वर्षांत सुमारे ३,६०० शवविच्छेदनं त्यांनी केली. दिवसभर मृतांच्या सहवासात राहायचं आणि उरल्या वेळात जिवंतांच्या रक्ताचा विचार करायचा, असा तो दिनक्रम होता.

सहा जणांचं रक्त

माणसाच्या अंगात बाहेरचं रक्त भरण्याची कल्पना तशी जुनी. १६६७ मध्ये पॅरिसला देनी नावाच्या वैद्याने कोकराचं रक्त माणसाला देऊन पाहिलं होतं. प्रकरण अंगाशी आलं आणि तो प्रकारच बंद पडला. पुढे १८१८ च्या सुमारास लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचं रक्त माणसाला द्यायला सुरुवात केली, ती मुख्यतः बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या बायकांसाठी. काही वाचल्या, काही गेल्या. कोण वाचेल नि कोण जाईल, याचा काही ठोकताळा नव्हता. एका जनावराचं रक्त दुसऱ्या जातीच्या जनावराला चालत नाही, हे १८७५ पर्यंत कळलं होतं. पण माणूस माणूसच. माणसाचं रक्त माणसाला का चालू नये? न चाललं तर दोष रोगाचा, नाहीतर डॉक्टरच्या हाताचा, नाहीतर नशिबाचा.

लँडस्टायनर यांनी प्रश्न उलटा घातला. माणूस आणि कोकरू यांच्यात जर असा फरक असेल, तर माणसामाणसांतही बारीकसा फरक नसेल कशावरून?

यासाठी त्यांनी केलेला प्रयोग इतका साधा आहे की शाळेतल्या मुलालाही समजावा. आपल्याच प्रयोगशाळेतले सहकारी आणि स्वतः, असे सहा निरोगी पुरुष घेतले. प्रत्येकाचं थोडं रक्त काढलं. ते निवू दिलं की तांबड्या पेशी आणि वरचा पिवळसर रक्तजल वेगळे होतात. मग याचं रक्तजल त्याच्या पेशींत, त्याचं याच्या पेशींत, असं प्रत्येकाचं प्रत्येकाशी मिसळून पाहिलं. काही मिश्रणं होती तशी राहिली. काहींत तांबड्या पेशी दह्यासारख्या गोळा झाल्या. कुणाचंही रक्तजल स्वतःच्या पेशींना मात्र धक्का लावत नव्हतं.

असे गोळे आधीही लोकांनी पाहिले होते, आणि ती रोगाची खूण असावी म्हणून सोडून दिली होती. इथे तर सहाही जण ठणठणीत होते. आकडे तक्त्यात मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा गोंधळ नाही, यात शिस्त आहे. काहींच्या पेशींवर एक खूण आहे, काहींच्या पेशींवर दुसरी, काहींच्या पेशींवर दोन्ही नाहीत. आणि जी खूण आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्धचा पहारेकरी, ज्याला आज आपण प्रतिपिंड म्हणतो, प्रत्येकाच्या रक्तजलात आधीपासून उभा आहे. या तीन गटांना त्यांनी ए, बी आणि सी म्हटलं. सीचा पुढे ओ झाला. १९०१ मध्ये हा निबंध व्हिएन्नाच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात आला. रक्त दिल्यावर कुणी का वाचतो आणि कुणी का दगावतो, त्याचा उलगडा यातून होऊ शकेल, एवढं त्यांनी शेवटी सौम्यपणे नमूद केलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना दोन्ही खुणा असलेला चौथा गट सापडला. तोच आजचा एबी.

बँकेत काढलेली वर्षं मला इथे आठवतात. चेक आला की आम्ही नमुना सहीचं कार्ड काढून सही ताडून पाहत असू. अक्षर सुंदर आहे की गचाळ, हा प्रश्न नसे. कार्डाशी जुळतं की नाही, एवढंच पाहायचं. प्रत्येक शरीराने आपल्या रक्ताचं असं कार्ड जपून ठेवलं आहे, आणि न जुळणारा चेक ते परत पाठवतं, हे लँडस्टायनर यांनी प्रथम दाखवलं. आपल्याकडे व्यक्ती तितक्या प्रकृती असं आपण म्हणत आलोच आहोत. पण ती प्रकृती परीक्षानळीत दाखवता येणं ही वेगळी गोष्ट. रोग कोणता, एवढंच तोवर वैद्यकशास्त्र विचारत होतं. रोगी कोण, या प्रश्नालाही मोजून उत्तर देता येतं, हे त्या सहा जणांच्या तक्त्यापासून सुरू झालं.

जगाने मात्र फारशी दखल घेतली नाही. १९०७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रूबेन ऑटेनबर्ग या डॉक्टरने रक्त देण्यापूर्वी ते जुळवून पाहायला सुरुवात केली. १९१४-१५ मध्ये सोडियम सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही, ते बाटलीत ठेवता येतं, हे सापडलं आणि पहिल्या महायुद्धात या सगळ्याला वेग आला. रक्तगट आईबापांकडून मुलांकडे येतो, हे तोवर फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्झफेल्ड यांनी दाखवून दिलं होतं. याच हिर्झफेल्डनी पत्नी हाना हिच्यासह युद्धाच्या काळात सलोनिकाच्या आघाडीवर देशोदेशींच्या सैनिकांचं रक्त तपासलं. त्यांत आपले हिंदुस्थानी जवानही होते. युरोपात ए गट जास्त आणि आपल्या जवानांत बी जास्त, हे त्यातून प्रथमच दिसून आलं.

उपाशी व्हिएन्नातून

लँडस्टायनर एव्हाना दुसऱ्याच कामात गढले होते. १९०८ मध्ये पोलिओने मरण पावलेल्या एका मुलाचा मज्जारज्जू त्यांच्याकडे आला. त्याचा अर्क माकडांना टोचून त्यांनी आणि एर्विन पोपर यांनी दाखवलं की हा रोग संसर्गजन्य आहे आणि त्याचं कारण सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या जंतूंपेक्षाही बारीक आहे. पोलिओची लस यायला पुढे जवळजवळ अर्धं शतक लागलं, पण त्या वाटेवरचं पहिलं पाऊल हे होतं. एखाद्या दुसऱ्या माणसाला एवढ्या कामावर आयुष्यभर मिरवता आलं असतं.

मिरवणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं. अबोल, संकोची, कामात अतिशय काटेकोर. पियानो उत्तम वाजवत, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की अवघडत. १९११ मध्ये विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिलं. पद दिलं, त्याजोगा पगार दिला नाही. १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी हेलेन व्लास्टो यांच्याशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. आणि १९१८ मध्ये युद्ध हरून ऑस्ट्रियाचं साम्राज्यच कोसळलं. व्हिएन्नात खायला अन्न नाही, जाळायला कोळसा नाही, प्रयोगशाळेला पैसा नाही.

१९१९ मध्ये बायको-मुलाला घेऊन ते हॉलंडला, हेगच्या एका लहानशा कॅथलिक रुग्णालयात नोकरीला गेले. काम रोजच्या लघवी-रक्ताच्या तपासण्यांचं. घरखर्च भागेना म्हणून एका औषध कारखान्यातही ते काम करत. पन्नाशी उलटलेला जगातला एक थोर शास्त्रज्ञ परक्या गावात पोटासाठी लघवीच्या नळ्या तपासतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पण तिथेही उरल्या वेळात संशोधन चालूच होतं. साध्या रसायनांचे तुकडे प्रथिनांना जोडून त्यांनी पाहिलं की शरीर किती बारीक फरक ओळखतं. एकाच रेणूतला एखादा अणुगट या जागेवरून त्या जागेवर सरकवला, तरी प्रतिपिंडाला तो कळतो. शरीराची ओळखण्याची ताकद ही रसायनाची ताकद आहे, हे त्यांनी सिद्ध केलं.

१९२३ पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये होते. ही संस्था पुढे १९६५ मध्ये विद्यापीठ झाली. तिथे फिलिप लेव्हिन या तरुण सहकाऱ्याबरोबर १९२७ मध्ये त्यांनी रक्तातल्या एम, एन आणि पी या आणखी खुणा शोधल्या. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. ते मिळालं रक्तगटांच्या शोधासाठी, म्हणजे मूळ निबंधानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवून ठेवण्याची व्यवस्था सुरू केली आणि तिला नाव दिलं ब्लड बँक. आपल्याकडे त्याचं रक्तपेढी झालं. पेढीवर जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला या शब्दाचा जरा जास्तच अभिमान वाटतो.

निवृत्तीनंतरचा शोध

१९३९ मध्ये लँडस्टायनर निवृत्त झाले. म्हणजे कागदोपत्री झाले. दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत येणं चालूच. आणि १९४० मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्याबरोबर आणखी एक शोध जाहीर केला. ऱ्हिसस माकड म्हणजे आपल्या उत्तर भारतात सर्रास दिसणारं लालतोंडं माकड. त्याचं रक्त सशांना आणि गिनीपिगांना टोचून तयार केलेलं रक्तजल त्यांनी माणसांच्या रक्ताशी मिसळलं. न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या लोकांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या पेशींचे गोळे झाले, उरलेल्यांचे झाले नाहीत. माकडाच्या नावावरून या खुणेला आरएच म्हटलं गेलं. खूण असली तर पॉझिटिव्ह, नसली तर निगेटिव्ह.

याच सुमारास त्यांचे जुने सहकारी लेव्हिन यांच्यासमोर एका बाईची केस आली होती. मूल पोटातच गेलेलं, आणि नंतर नवऱ्याचं रक्त दिल्यावर तिला जबर त्रास झालेला. दोघांचा गट ओ असूनही. दोन धागे जुळले आणि एक फार जुनं कोडं सुटलं. आई निगेटिव्ह असेल आणि बाळ वडिलांवर जाऊन पॉझिटिव्ह झालं असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईचं शरीर त्या अनोळखी खुणेविरुद्ध पहारेकरी उभे करतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप सुटतं. पण पुढच्या खेपेला हे पहारेकरी वार ओलांडून पोटातल्या बाळाच्या पेशी फोडायला लागतात. बाळ पोटात जातं, नाहीतर जन्मल्यावर दोन दिवसांत पिवळं पडतं.

माझी आई नेमकी १९४० मध्ये जन्मली. कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात वडील शिक्षक होते. मी १९६० चा, पहिला. माझ्यामागून १९६२ मध्ये एक बहीण झाली. गोरीपान, चांगली सात पौंडांची. दुसऱ्या दिवशी ती पिवळी दिसायला लागली आणि चौथ्या दिवशी गेली. १९६४ चा भाऊ तीन दिवस जगला. १९६६ चं मूल मेलेलंच जन्मलं. मला आठवतात ती अंगणात कुजबुजणारी माणसं. कुणी म्हणे कुळाचार चुकला, कुणी म्हणे नजर लागली, आणि बहुतेकांचं मत पडलं की हिची कूसच वाईट. आईने नवस केले, सोळा सोमवार केले, गुरुवारचे उपास धरले ते कायमचेच. चौथ्यांदा मात्र तिने धीर केला नाही. वडिलांनी तिला कधी बोल लावला नाही, पण इतरांची तोंडंही त्यांना बंद करता आली नाहीत.

१९८८ मध्ये कोल्हापूरला तिचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं. रक्तगट तपासला. ओ निगेटिव्ह. वडिलांचा आणि माझा, दोघांचाही ओ पॉझिटिव्ह. त्या वयस्कर डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, आईला किती बाळंतपणं झाली ते विचारलं, मुलांचं काय झालं ते विचारलं, आणि मग चष्मा काढून मला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. तेव्हाच मी लँडस्टायनर हे नाव प्रथम ऐकलं.

त्या रात्री मी आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं की म्हणजे यात कुणाचीच चूक नव्हती का. मी नाही म्हटलं. बाविसाव्या वर्षापासून वाहिलेलं ओझं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उतरलं. ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून होती. झोपली नव्हती, हे मला कळत होतं. एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही, पुढेही कधी सांगितली नाही. तिच्या शरीराला ती खूण प्रथम ओळखायला लावली ती बहुधा माझ्या रक्ताने. मी जगलो, आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली. यातही कुणाचीच चूक नव्हती, हे मला माहीत आहे. माहीत असणं आणि मनाला पटणं यांत मात्र अंतर असतं.

शेवटचा दिवस आणि पुढची वाट

२४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करत असताना, हातात नळी असतानाच, लँडस्टायनर यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जूनला, आपल्याच संस्थेच्या रुग्णालयात ते गेले. पंचाहत्तर वर्षांचे होते. पत्नीला गळ्याच्या ग्रंथीचा कर्करोग झाला होता. अखेरच्या काळात त्या रोगाच्या अभ्यासातही ते शिरले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्याही गेल्या.

त्यांच्या माघारी काम थांबलं नाही, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईत येतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना अशी माणसं आढळली, की जी नेहमीच्या तपासणीत ओ गटाची वाटतात, पण त्यांचं रक्तजल ओ गटाच्या रक्ताचेही गोळे करतं. इंग्लंडमधले रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी हे लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केलं आणि जगाच्या वैद्यकीय कोशात बॉम्बे ब्लड ग्रुप हे नाव दाखल झालं. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो पायाच या लोकांत नसतो. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. आणि या खुणा कशाच्या असतात? साखरेच्या! पेशीवरच्या साखळीच्या टोकाला कोणती साखर बसली आहे, एवढाच ए आणि बी यांच्यातला फरक. मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनीच तो उलगडला. साखरेच्या गुरूकडे उमेदवारी केलेल्या शिष्याने रक्तात जो फरक पाहिला, तो शेवटी साखरेचाच निघाला.

आज ही वाट खूप पुढे गेली आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीवर एक विशिष्ट खूण असेल तरच द्यायचं औषध त्याच १९९८ साली अमेरिकेत मान्य झालं. आपल्या आयआयटी मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर असा उपचार तयार केला, की ज्यात रोग्याच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना रोग ओळखायला शिकवून, परत त्यालाच देतात. २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. अजून हे उपचार महाग आहेत, सर्वांच्या आवाक्यातले नाहीत. रक्तगटाची तपासणीही एके काळी नवलाची होती. आज ती तालुक्याच्या गावी होते, याच आशेवर मी याकडे पाहतो.

आरएचच्या कोड्याचं औषध १९६८ मध्ये आलं. लँडस्टायनर यांच्या न्यूयॉर्कमध्ये आणि लिव्हरपूलमध्ये दोन गटांनी ते जवळपास एकाच वेळी सिद्ध केलं. निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिलं, की तिच्या शरीराला ती अनोळखी खूण ध्यानात ठेवायला सवडच मिळत नाही. माझा धाकटा भाऊ गेला त्यानंतर चार वर्षांनी.

माझी मुलगी बी निगेटिव्ह आहे. आजीची ती खूण माझ्यात लपून राहिली आणि तिच्यात उघड झाली. २०१५ मध्ये तिला मुलगी झाली, पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी नर्सने इंजेक्शन दिलं, तेव्हा आई पंचाहत्तर वर्षांची होती आणि खाटेजवळच बसली होती. तिने नर्सकडून औषधाचं रिकामं खोकं मागून घेतलं. त्यावरचं इंग्रजी तिला वाचता येईना, म्हणून मी वाचून दाखवलं. तिने ते खोकं उलटसुलट करून पाहिलं, आणि मग किंमत विचारली. मी सांगितली. तिने मान हलवली आणि खोकं परत टेबलावर ठेवलं.

आई २०१७ मध्ये गेली. नातीला दुसरा मुलगा झाला तो २०१९ मध्ये. तो दुसऱ्या दिवशीही पिवळा पडला नाही, चौथ्या दिवशी टाहो फोडून घरी आला. आता सगळं घर डोक्यावर घेत असतो.

लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, १४ जून, २००४ पासून जगभर रक्तदात्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. वयाची अट आहे तोवर त्या दिवशी मी रक्तपेढीत जाणं चुकवलं नाही. तिथल्या अर्जावर रक्तगटाचा एक छोटा चौकोन असतो. तो भरताना मला कधी ती निळसर नोट आठवते, तर कधी आईच्या हातातलं ते रिकामं खोकं.